नादकाटा आणि मोटरसायकल

यामाहा कंपनीची मोटरसायकल तुमच्या गावात कोणाकडे तरी असेलच. तिच्यावरचे गोल बोधचिन्ह जरा जवळून पहा. वर्तुळाच्या मध्यापासून तीन दिशांना गेलेले तीन काटे त्यात दिसतील. प्रत्येक काट्याला दोन भुजा आणि एक दांडा. असाच काटा तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही आहे. रबराच्या ठोकळ्यावर आपटून कानाजवळ धरला की तो एकच एक स्वर देतो. होय, तो नादकाटाच! मोटरसायकलीवर नादकाटा कशासाठी?

याचे उत्तर शोधू लागलो तर एक मोठा विषय हाती लागतो. जगात असे काही कारखानदार आहेत, की ज्यांनी गाणे ऐकण्याची यंत्रेही बनवली आणि रस्त्यावर धावणारी वाहनेही बनवली. वरवर पाहता या दोन धंद्यांचा काही संबंध दिसत नाही. एक वस्तू दिवाणखान्यात ठेवायची, दुसरी धुळीत चालवायची. पण थोडे भौतिकशास्त्र हाताशी घेतले की दोन्हींच्या पोटात एकच गोष्ट सापडते, ती म्हणजे कंपन. हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणाच्या आसपास राहणाऱ्या विद्यार्थ्यांना तर या कंपनाशी आणखी एका कारणाने काम पडणार आहे. ते कारण लेखाच्या शेवटी येईल.

पायपेटीपासून सुरुवात

जपानमध्ये हामामात्सु नावाचे एक शहर आहे. तेथील एका प्राथमिक शाळेतील परदेशी ऑर्गन १८८७ साली बिघडला. ऑर्गन म्हणजे आपल्याकडे संगीत नाटकांत वाजत असे ती पायपेटी. पायाने भाता हलवायचा, हवा धातूच्या पातळ पट्ट्यांवरून जाते, पट्ट्या थरथरतात आणि सूर निघतो. दुरुस्तीसाठी तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला बोलावले. घड्याळे आणि वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणारा हा माणूस. त्याने पेटी उघडली, आतली रचना समजून घेतली, आणि असे वाद्य आपणही बनवू शकू असे त्याच्या मनाने घेतले.

त्याने ते बनवलेही. मग तो आणि त्याचा सहकारी किसाबुरो कावाई यांनी ते वाद्य खांद्यावरून वाहून, हाकोनेचा डोंगर ओलांडून टोकियोच्या संगीत संस्थेत नेले. हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. तज्ज्ञांनी वाद्य पाहिले आणि सांगितले, की बांधणी ठीक आहे, पण सूर लागलेले नाहीत. इतकी पायपीट करून हे ऐकावे लागले! परंतु यामाहा तेथेच राहिला, सूर जुळवण्याचे शास्त्र शिकला, आणि त्याने दुसरे वाद्य बनवले. ते पसंत पडले. १८९७ साली त्याने ‘निप्पॉन गाक्की’ ही कंपनी स्थापन केली. या जपानी नावाचा अर्थ ‘जपानी वाद्ये’ असा आहे. सूर नादकाट्याने तपासतात, म्हणून नादकाटा हे कंपनीचे चिन्ह झाले.

वाद्यांपासून वाहनांकडे जाणारी वाट मात्र संगीताची नव्हती, ती युद्धाची होती. पियानो बनवणाऱ्याला लाकडाची उत्तम पारख असते. कोणते लाकूड वाकत नाही, कोणते तडकत नाही, दोन तुकडे कसे चिकटवावेत, हे त्याला ठाऊक असते. त्या काळी विमानांचे पंखे लाकडाचे असत. ते बनवण्याचे काम निप्पॉन गाक्कीकडे आले आणि पुढे धातूचे पंखेही ती बनवू लागली. दुसरे महायुद्ध संपले आणि पंख्यांची मागणी थांबली. धातू कापणारी, घासणारी यंत्रे मात्र कारखान्यात तशीच पडून राहिली. १९५० साली कंपनीचा प्रमुख झालेल्या गेनइची कावाकामी याने ठरवले, की या यंत्रांवर मोटरसायकलचे इंजिन बनवायचे.

१९५४ साली याच कंपनीने रेकॉर्ड वाजवण्याचे हाय-फाय यंत्र बाजारात आणले. लगेच १९५५ च्या फेब्रुवारीत तिची पहिली मोटरसायकल आली. १२५ घन सेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, सडपातळ बांधा आणि तांबूस रंग. लोकांनी तिला ‘आकातोम्बो’ म्हणजे ‘लाल चतुर’ असे लाडके नाव दिले. तिची मूळ रचना जर्मनीतील डीकेडब्ल्यू मोटरसायकलवरून घेतलेली होती, हेही सांगून ठेवू. त्याच वर्षी १ जुलैला मोटरसायकलींसाठी ‘यामाहा मोटर’ ही वेगळी कंपनी काढण्यात आली. तेव्हापासून वाद्ये व ध्वनियंत्रे बनवणारी एक आणि वाहने बनवणारी दुसरी, अशा या दोन बहिणी आहेत. दोघींचे चिन्ह एकच, पण बारीक फरकाचे. वाद्यांवरच्या चिन्हात काट्यांची टोके वर्तुळाच्या आत राहतात, मोटरसायकलीवरच्या चिन्हात ती वर्तुळाच्या कडेला जाऊन भिडतात. पुढच्या वेळी पडताळून पहा.

आपल्याकडे या मोटरसायकली एस्कॉर्ट्स कंपनीच्या सहकार्याने आल्या. १९८३ साली राजदूत ३५० आणि १९८५ साली आरएक्स १००. आज चेन्नईजवळ दोन्ही बहिणींचे कारखाने आहेत. मोटरसायकलचा कारखाना २०१५ साली सुरू झाला आणि वाद्यांचा २०१९ साली.

इंजिनाचा स्वर कोणता?

आता थोडे गणित करू. आरएक्स १०० चा फटफटाट ज्याने एकदा ऐकला तो दुसऱ्या गाडीत घोटाळा करणार नाही. इतका वेगळा आवाज का?

इंजिनात इंधनाचा जो स्फोट होतो, त्या प्रत्येक स्फोटाबरोबर सायलेन्सरमधून वायूचा एक ठोसा बाहेर पडतो. एका सेकंदात असे जितके ठोसे पडतील तितकी त्या आवाजाची मूळ वारंवारता. टू-स्ट्रोक इंजिनात दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक. समजा, इंजिन मिनिटाला ७५०० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदाला १२५ फेरे. टू-स्ट्रोक इंजिनाची वारंवारता झाली १२५ हर्ट्झ, आणि तितक्याच वेगाने फिरणाऱ्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाची ६२.५ हर्ट्झ.

हे दोन आकडे संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दाखवा. तो लगेच सांगेल, की एक दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट आहे, म्हणजे दोन्हींमध्ये एका सप्तकाचे अंतर आहे! फोर-स्ट्रोक इंजिन मंद्र सप्तकातला सा लावत असेल, तर टू-स्ट्रोक मध्य सप्तकातला सा लावते. अर्थात इंजिनाचा आवाज शुद्ध स्वर नसतो. त्यात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कितीतरी वारंवारता मिसळलेल्या असतात, आणि पत्र्याचा खडखडाट असतो तो वेगळाच.

टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये आणखी एक गंमत दडलेली आहे. या इंजिनात जळलेला वायू बाहेर जाण्याचे दार आणि ताजे मिश्रण आत येण्याचे दार काही काळ एकाच वेळी उघडे असते. त्यामुळे थोडे ताजे मिश्रण न जळताच बाहेर सटकते. ते अडवायचे कसे? दारावर पहारेकरी बसवता येत नाही. पण ध्वनीची लाट बसवता येते! बाहेर पडलेल्या ठोशाची दाबलाट नळीतून पुढे जाते. नळी आधी रुंदावत आणि मग अरुंद होत गेलेली असेल, तर अरुंद भागावर आपटून ती लाट उलट फिरते. नळीची लांबी बरोबर साधली, तर दार बंद होण्याच्या किंचित आधी ती परत येते आणि सटकलेले मिश्रण पुन्हा आत ढकलते.

लांबी किती हवी, ते आपणच काढू. ७५०० फेऱ्यांना एक फेरा १/१२५ सेकंदाचा. दार साधारण अर्धा फेरा उघडे राहते असे धरू, म्हणजे ०.००४ सेकंद. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर. तेवढ्या वेळात लाट २ मीटर जाते. जाणे १ मीटर, येणे १ मीटर. म्हणून नळीची उपयोगी लांबी साधारण मीटरभर. मोटरसायकलजवळ जाऊन टेप लावा, अंदाज फार चुकलेला नाही हे दिसेल. बासरीच्या किंवा ऑर्गनच्या नळीची लांबी जशी स्वर ठरवते, तशीच ही लांबी कोणत्या वेगाला इंजिन जोर करील हे ठरवते.

मात्र वाद्ये बनवणाऱ्यांनीच ही युक्ती शोधली, असा तर्क करू नका. तिला पूर्णत्व दिले ते पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन या अभियंत्याने, १९५० च्या दशकात. त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी देश सोडून पळाला आणि सुझुकी कंपनीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० घन सेंटिमीटर गटातील जागतिक अजिंक्यपद मिळवले. मौज अशी की सुझुकीचे गावही हामामात्सुच, आणि एमझेडचे गाव त्शोपाउ म्हणजे ‘लाल चतुरा’चा नमुना जेथून आला ते डीकेडब्ल्यूचेच गाव.

नावावर जाऊ नका

सुझुकीचे नाव निघाले म्हणून एक सावधगिरी सांगतो. सुझुकी नावाचे माउथ ऑर्गन मिळतात. ते बनवणारी कंपनीही हामामात्सुचीच. तेव्हा मारुती-सुझुकीवाल्यांनीच ती बाजाची कंपनी काढली असे कोणीही म्हणेल. पण त्या दोन कंपन्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. आपल्याकडे पाटील आडनावाची दोन दुकाने एका पेठेत असावीत, तसाच हा प्रकार. मित्सुबिशीची गोष्ट पुन्हा निराळी. ‘डायाटोन’ नावाचे नामांकित स्पीकर मित्सुबिशी इलेक्ट्रिकचे आणि मोटारी मित्सुबिशी मोटर्सच्या. घराणे एक, कंपन्या दोन.

मग आपल्या महाराष्ट्रात असे काही घडले का? घडले, आणि तेही घराण्याच्या रूपानेच. मुंबईत १९४० साली स्थापन झालेल्या नॅशनल एको या कंपनीचे रेडिओ एके काळी घरोघरी होते. ही टाटा समूहातील कंपनी पुढे ‘नेल्को’ नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच समूहाची दुसरी कंपनी टेल्को १९४५ ची. आधी रेल्वे इंजिने आणि १९५४ पासून जर्मनीच्या डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक, असा तिचा प्रवास. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला तिचा मोठा कारखाना उभा राहिला. १९७१ साली नेल्को तोट्यात असताना तिचा कारभार रतन टाटा यांच्याकडे देण्यात आला. रेडिओ-दूरचित्रवाणीच्या त्या कंपनीत उमेदवारी केलेला हाच माणूस पुढे टेल्कोचा अध्यक्ष झाला, आणि १९९८ साली पुण्यातून इंडिका ही मोटार बाहेर पडली. २००३ साली टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले. नेल्को मात्र रेडिओपासून दूर गेली. आज ती उपग्रहांद्वारे होणाऱ्या संदेशवहनाचे काम करते.

मराठवाड्यातही एक जोडी होती. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला १९८५ साली बजाजचा स्कूटरचा कारखाना सुरू झाला. त्याच जिल्ह्यात चितेगावला व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच बनू लागले. जिल्हा एक, पण घराणी निराळी. कोणी कोणाच्या धंद्यात शिरले नाही, आणि ते बरेच झाले असे मला वाटते. कारण पैसा आहे म्हणून दुसऱ्या धंद्यात उडी घेतली की काय होते, याचे उदाहरण कोरियात आहे. रेडिओ, टेप, दूरचित्रवाणी यांत नाव मिळवलेल्या सॅमसंगने १९९० च्या दशकात मोटारीचा कारखाना काढला. १९९८ साली पहिली मोटार विक्रीस आली, तोवर आशियातील आर्थिक संकट येऊन ठेपले होते. २००० साली तो कारखाना फ्रान्सच्या रेनॉ कंपनीकडे गेला. पुढे २०१७ साली सॅमसंगने हार्मन ही ध्वनियंत्रांची कंपनी विकत घेतली. या कंपनीचा मोठा धंदा मोटारीतील रेडिओ व स्पीकर पुरवण्याचा. तिचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे. मोटार बनवणे जमले नाही, पण मोटारीच्या आत शिरण्याची वाट सापडली ती अशी.

अमेरिकेत याच्या उलट घडले. मोटारवाल्या फोर्डने १९६१ साली फिल्को ही रेडिओ कंपनी घेतली आणि १९७४ साली सोडून दिली. जनरल मोटर्सची डेल्को ही शाखा मात्र १९३६ पासून अनेक दशके मोटारींचे रेडिओ बनवत राहिली.

स्पीकर आणि शॉकअप

आता मुख्य शास्त्राकडे येऊ. एखादा जुना, बिघडलेल्या रेडिओतला स्पीकर मिळवा. तो जितका मोठा तितके चांगले. त्याचा कागदी शंकू हलक्या बोटाने आत दाबून सोडा. तो पुन्हा जागेवर येतो. कारण कडेची घडीची पट्टी आणि मागची जाळीदार चकती स्प्रिंगसारखे काम करतात. म्हणजे स्पीकर हे काय आहे? एक वस्तुमान आणि एक स्प्रिंग.

आता गावात उभ्या असलेल्या जीपचा बॉनेटजवळचा कोपरा दाबून सोडा. तीही वर येते. जीप म्हणजे काय? एक वस्तुमान आणि चार स्प्रिंगा, किंवा कमानीचे पाटे.

कोणत्याही वस्तुमान-स्प्रिंग जोडीला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. ती काढण्याची एक सोपी युक्ती सांगतो. वजन टांगल्यावर स्प्रिंग जेवढी ताणली जाते तेवढे सेंटिमीटर मोजा. त्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि ५ ने भागा. येणारे उत्तर म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारे सेकंद. स्प्रिंग २५ सेंटिमीटर ताणली गेली, तर वर्गमूळ ५, म्हणून वेळ १ सेकंद आणि वारंवारता १ हर्ट्झ. ४ सेंटिमीटर ताणली गेली, तर ०.४ सेकंद आणि २.५ हर्ट्झ. बाजारातून एक साधी लांब स्प्रिंग आणा, सुतळीने मापाची वजने टांगा, वीस झोक्यांना लागणारा वेळ मोजा आणि नियम खरा की खोटा ते स्वतःच ठरवा. स्प्रिंगचे स्वतःचे वजन टांगलेल्या वजनापेक्षा पुष्कळ कमी असावे, म्हणजे उत्तर चांगले जुळेल.

मोटारीची नैसर्गिक वारंवारता १ ते दीड हर्ट्झ ठेवतात. आपण चालताना शरीराला जवळजवळ अशाच सावकाश हेलकाव्यांची सवय असते. मोठ्या स्पीकरची ५० हर्ट्झच्या आसपास असते. वरचाच नियम उलटा लावून पाहिला, तर ५० हर्ट्झचा स्पीकर उताणा ठेवल्यावर त्याचा शंकू स्वतःच्या वजनाने फक्त ०.१ मिलिमीटर खाली जातो असे उत्तर येते. एक हेलकावे खाणारे धूड, दुसरा थरथरणारा कागद, पण सूत्र एकच!

आता रस्त्याचा विचार करा. औंढ्याकडून सिद्धेश्वरकडे येताना रस्त्याला दर १० मीटरवर एक उंचवटा आहे असे समजा. गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. गाडीला दर सेकंदाला एक धक्का बसेल. गाडीची नैसर्गिक वारंवारताही १ हर्ट्झ असेल तर? झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्के दिल्यासारखे होईल आणि हेलकावे वाढत जातील. हाच अनुनाद. चालक अशा वेळी वेग बदलतो. अनुनादाचे नाव त्याने ऐकलेले नसेल, पण उपाय त्याला ठाऊक असतो.

हेलकावे वाढू नयेत म्हणून लगाम हवा. मोटारीत तो लगाम म्हणजे गॅरेजवाले ज्याला शॉकअप म्हणतात ती तेलाची नळी. दट्ट्या बारीक भोकांतून तेल ढकलतो आणि हेलकाव्यांची ऊर्जा उष्णतेत जाते. जीपचा कोपरा दाबून सोडल्यावर ती एकदाच वर येऊन स्थिरावली तर शॉकअप ठीक. तीन-चार वेळा खालीवर झाली तर तो निकामी झाला आहे. स्पीकरलाही असाच लगाम लागतो, नाहीतर तबल्याची एक थाप संपली तरी शंकू घुमतच राहील. त्याचा लगाम विजेचा असतो. तो अनुभवण्यासाठी मोठ्या स्पीकरच्या शंकूवर बोटाने हळूच टिचकी मारा आणि आवाज ऐका. मग स्पीकरच्या मागची दोन टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि पुन्हा टिचकी मारा. आवाज दबलेला, कोरडा येईल. शंकूबरोबर हलणाऱ्या वेटोळ्यात चुंबकामुळे वीज निर्माण होते. वाट मिळाली की ती वाहते आणि हालचालीलाच विरोध करते. हा प्रयोग सुटा स्पीकर घेऊनच करा, चालू रेडिओला जोडलेल्या स्पीकरवर मुळीच करू नका.

प्राध्यापक बोस यांचे धाडस

हे साम्य केवळ वहीतच राहिले नाही. अमर बोस हे अमेरिकेत जन्मलेले शास्त्रज्ञ. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधील स्वातंत्र्यसैनिक. इंग्रज सरकारच्या ससेमिऱ्यातून निसटून ते अमेरिकेत गेले होते. अमर लहानपणापासून रेडिओ दुरुस्त करत. पुढे ते मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले आणि १९६४ साली त्यांनी स्पीकरची कंपनी काढली. १९८३ च्या जनरल मोटर्सच्या काही मोटारींत कारखान्यातूनच बोस यांची ध्वनियंत्रणा बसून येऊ लागली.

पण त्यांच्या डोक्यात दुसरेच काही शिजत होते. स्पीकरमध्ये विजेच्या जोरावर शंकू हवा तसा हलवता येतो. मग मोटारीचे चाक तसे हलवता येणार नाही का? १९८० पासून त्यांच्या कंपनीत गुपचूप काम सुरू झाले. प्रत्येक चाकापाशी स्प्रिंग व तेलाच्या नळीऐवजी एक सरळ रेषेत हलणारी विद्युत मोटर बसवली. एका परीने तो अवाढव्य स्पीकरच! खड्डा आला की चाक खाली ढकलायचे, उंचवटा आला की वर ओढायचे, आणि हे सारे क्षणार्धात. २००४ साली त्यांनी मोटार लोकांना दाखवली. खडबडीत पट्ट्यावरून ती जाताना चाके नाचत होती आणि वरचा डबा जवळजवळ स्थिर होता. आडव्या टाकलेल्या लाकडावरून तिने चक्क उडी मारली.

तरीही ती तुम्हाला रस्त्यावर दिसत नाही. मोटरी जड होत्या आणि फार महाग. मोटार बनवणाऱ्या कंपन्यांनी ती घेतली नाही. २०१० साली त्याच कल्पनेवर ट्रकचालकासाठी एक आसन मात्र निघाले. दिवसभर स्टिअरिंगमागे बसणाऱ्याच्या कमरेला धक्के लागू नयेत म्हणून ते आसन खालच्या धक्क्यांच्या उलट हलते. २०१७ साली बोस कंपनीने हे तंत्र दुसऱ्या एका कंपनीला विकून टाकले. अमर बोस तोवर हयात नव्हते. २०१३ साली त्यांचे निधन झाले होते. माझ्या मते वाहने व ध्वनियंत्रे यांना जोडण्याचा सर्वांत खरा प्रयत्न हाच. यामाहाने यंत्रे रिकामी होती म्हणून, टाटांनी समूह मोठा होता म्हणून दोन्ही कामे केली. बोस यांनी सूत्र एक आहे म्हणून केले.

यामाहाच्या दोन बहिणींनीही कधीकधी एकत्र काम केले आहे, ते सांगायला हवे. टोयोटाच्या २००० जीटी या १९६७ च्या मोटारीचे इंजिन घडवण्यात मोटरसायकलवाल्या बहिणीचा हात होता, आणि आतली लाकडी फळी वाद्ये बनवणाऱ्या बहिणीने दिली होती. २०१० ते २०१२ या काळात बनलेल्या लेक्सस एलएफए या मोटारीत तर इंजिनाचा आवाज कसा असावा हेसुद्धा वाद्यवाल्यांना विचारून ठरवले. तिचे दहा सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ९००० फेरे घेते. तेव्हा मूळ वारंवारता किती असेल? एका फेऱ्याला पाच स्फोट धरून उत्तर काढा. ते ७५० हर्ट्झ आले पाहिजे.

सिद्धेश्वरजवळचा सर्वांत मोठा कान

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. सिद्धेश्वर धरण ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात दुधाळ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेची जागा आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला मंजुरी दिली. आकाशात दूर कोठेतरी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की अवकाशातून गुरुत्वीय लाटा पसरतात. त्या पकडण्याची ही वेधशाळा. तिच्या दोन भुजा काटकोनात, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतात. भुजांच्या टोकांना आरसे असतात आणि लाट आली की आरशांमधील अंतर अणूच्या केंद्रकाहूनही कितीतरी कमी इतके बदलते. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लाट पकडली. तिची वारंवारता सेकंदाच्या पाचव्या भागात सुमारे ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढली. या आकड्यांकडे लक्ष द्या. आरएक्स १०० ची १२५ हर्ट्झ यांच्यामध्येच बसते! ती लाट स्पीकरला जोडली तेव्हा शास्त्रज्ञांना ‘टुक्’ असा वर चढत जाणारा लहानसा आवाज ऐकू आला.

म्हणजे वेधशाळेचा वैरी कोण, ते ओळखलेत ना? रस्त्यावरचे ट्रक, ट्रॅक्टर, मोटरसायकली आणि जमिनीचे स्वतःचे बारीक थरथरणे. जागा निवडताना आजूबाजूची जमीन किती शांत आहे हे पाहावे लागते ते यासाठीच. पण कितीही शांत जागा घेतली तरी उरलेली थरथर आरशापर्यंत पोचू द्यायची नाही. त्यासाठी दोन उपाय योजतात. आरसे ज्या ओट्याला टांगायचे त्याच्याखाली कंपने मोजणारी साधने आणि विजेवर चालणारे ढकलक असतात. जमीन डावीकडे गेली की ओटा तितकाच उजवीकडे ढकलला जातो. बोस यांच्या मोटारीतलीच ही कल्पना. दुसरा उपाय अगदी जुना, लंबकाचा. ४० किलोग्रॅमचा आरसा एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकाने टांगलेला असतो.

लंबक काय करतो, हे दोरीला दगड बांधून पाहता येईल. दोरी सुमारे २५ सेंटिमीटरची घ्या. तिचा झोका १ सेकंदाचा होतो. स्प्रिंगचा नियमच येथेही लागू पडतो, फक्त ताणाऐवजी दोरीची लांबी घ्यायची. हात सावकाश, दोन-तीन सेकंदांत एकदा असा, डावीउजवीकडे न्या. दगड हाताबरोबर जाईल. हात सेकंदाला एकदा हलवा. दगड वेडावाकडा झोके घेऊ लागेल. आता हात शक्य तितक्या जलद, अगदी थोडा, थरथरवा. दगड जवळजवळ जागचा हलणार नाही. नैसर्गिक वारंवारतेच्या दहापट वेगाने थरथरवले, तर साधारण शंभरावा हिस्साच खाली पोचतो. असे चार लंबक एकाखाली एक टांगले तर? शंभर गुणिले शंभर, पुन्हा गुणिले शंभर, पुन्हा गुणिले शंभर. दहा कोटींतला एक हिस्सा. प्रत्यक्षात चारही टप्पे एकमेकांवर परिणाम करतात, त्यामुळे हिशेब थोडा बदलतो, पण कामाचा अंदाज येतो.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग दोन टप्प्यांचा तरी करून दाखवावा. एक दगड, त्याखाली दुसरा, आणि वरची दोरी फूटपट्टीच्या टोकाला. फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून टिचकी मारली, की पट्टी गुणगुणते आणि खालचा दगड शांत लटकत राहतो. पट्टीची बाहेर राहिलेली लांबी निम्मी करा. आवाज किती चढला, आणि दगडाचे काय झाले, हे दोन्ही वहीत लिहून ठेवा.